निळ्या दोराचे पाच फेरे

नवऱ्याला चौघांनी उचलून आणलं तेव्हा थोरली सून अंगणात बसून कुजक्या दोराचे पीळ उसवत होती. चौघांनी शिडाच्या जाड कापडाचे चार कोपरे धरले होते आणि मधे तो वाकडा होऊन पडला होता. डाव्या कानाची पाळी फाटून लोंबत होती. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं होतं आणि वाऱ्याने तिथेच वाळून कडक झालं होतं.

"कुठे ठेवायचा?" एकाने विचारलं. जणू पोतं आणलं होतं.

"आत, पलंगावर. हळू ठेवा. कुणी केलं हे?"

मागून सासरा आला. साठी उलटली होती, पण धक्क्यावर अजून त्याचाच शब्द चालायचा. "कुणी काय विचारतेस? तुझ्या माहेरहून आहेर आलाय. घे, उतरवून घे."

धाकटा दीर दारातच थुंकला. थुंकीत लाल होतं. "वहिनी, भोंग्याने वल्हं घातलं. तुमच्या सख्ख्या भावाने. पाठमोऱ्या माणसाला."

"पाठमोरा नव्हतो मी," पलंगावरून नवरा म्हणाला. प्रत्येक शब्दाला त्याचा श्वास अडत होता. "समोरच होतो. आधी लाथ मीच घातली."

"तू गप्प पड!" म्हातारा ओरडला. "मार खाऊन आलास तो आलास, वर साक्ष देतोयस!"

तिने नवऱ्याचा सदरा कात्रीने कापून काढला. उजव्या बाजूच्या फासळ्यांवर वल्ह्याच्या पात्याचा वळ उठला होता. कडा जांभळ्या, मधली कातडी पांढरी. तिने बोटांनी एकेक फासळी चाचपली. सातवी आणि आठवी बोटाखाली किंचित सरकली. तिने शिडाच्या कापडाची वीतभर रुंद पट्टी फाडली, त्याला श्वास सोडायला लावलं आणि पट्टी गुंडाळून पायाचा रेटा देऊन आवळली.

"अगं, हळू," तो कळवळला. "मी जहाज नाही."

"जहाज लाथा घालत नाही," ती म्हणाली.

बेट चालायला घेतलं तर लांबीला पाऊण तासाचं आणि रुंदीला पंधरा मिनिटांचं. मधल्या उंचवट्यावरच्या एका गोड्या विहिरीसाठी पूर्वी जहाजं इथे थांबायची. त्यांचं पाणी भरून देणाऱ्यांच्या झोपड्या झाल्या, झोपड्यांची घरं झाली, घरांच्या गल्ल्या झाल्या. पुढे उपसून उपसून विहीर खारट झाली, पण तोवर शहर वसून गेलं होतं आणि वसलेलं शहर उठत नाही. घरं वाऱ्याकडे पाठ करून बांधलेली. पत्र्यांवर धोंडे. लोखंडी बिजागरी तीन वर्षांत खाऱ्या हवेने पापुद्रे सुटून गळून पडायची, म्हणून जुन्या घरांची दारं चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेली असत.

वर्षाचे सहा महिने वारा दक्षिणेकडून यायचा आणि सहा महिने उत्तरेकडून. म्हणून धक्केही दोन. दक्षिणेचा वारा असताना जहाजं उत्तरेच्या धक्क्याला लागायची, वारा फिरला की दक्षिणेच्या. जहाज बांधणारी माणसंही तशीच दोन तुकड्यांची. अर्धं वर्ष एका धक्क्याच्या लोकांनी दोर टाकायचे आणि दुसऱ्यांनी घरी बसून होड्या डांबरायच्या. अर्धं वर्ष उलट. त्यामुळे उत्तरेची मुलगी दक्षिणेला आणि दक्षिणेची उत्तरेला द्यायची रीत पडली. घरात कुणी ना कुणी कामावर असायचं. थोरली अशीच उत्तरेहून आली होती.

मग पाच वर्षांपूर्वी बंदराच्या साहेबांनी दक्षिणेच्या धक्क्यापुढे समुद्रात दगडांची लांब भिंत घातली. आता बारा महिने तिथेच जहाज लागेल, कुठल्याही वाऱ्यात, असं ठरलं. भिंत चांगली झाली. पण बेटाला वळसा घालून वाहत जाणारी वाळू त्या भिंतीने वळवली आणि ती उत्तरेच्या धक्क्यापाशी जाऊन बसू लागली. पहिल्या वर्षी मोठी जहाजं टेकली. तिसऱ्या वर्षी लहानही टेकली. या वर्षी ओहोटीला तिथे कुत्री हिंडत होती.

आणि आता वारा दक्षिणेचा सुरू झाला होता. म्हणजे उत्तरेकडच्यांचे सहा महिने.

"सहा महिने आमचे," भोंगा म्हणाला होता. "धक्का कुठला का असेना."

"धक्का आमचा," म्हातारा म्हणाला होता. "महिना कुठला का असेना."

दोघंही खरं बोलत होते. तेवढ्यावर वल्ही उगारली गेली.

धक्क्यावर एकच नियम होता आणि तो दोन्हीकडे मान्य होता. खुंट्यावर ज्यांचा फास आधी पडेल, ते जहाज त्यांचं. इथल्या लाटांच्या उसळीत जहाजांचे स्वतःचे दोर झिजून जायचे, म्हणून दोर बेटावरच्या लोकांनीच द्यायचा. एक टोक होडीने जहाजावर पोचवायचं, दुसऱ्या टोकाला विणलेला फास लोखंडी खुंट्यावर चढवायचा. याच नियमाची दुसरी बाजू अशी, की ज्यांचा फास उसवला, त्यांनी वर्षभर खुंट्याला हात लावायचा नाही. अशी बेअब्रू म्हाताऱ्याने आयुष्यात एकदाच पाहिली होती. त्या तुकडीचा मुकादम दुसऱ्याच आठवड्यात बेट सोडून गेला.

बेटावर फास विणावा तो थोरलीनेच. दोराचे तीन पीळ सोडवायचे, दोर वळवून त्याचा फास करायचा आणि एकेक पीळ दोराच्या अंगात लाकडी सुळ्याने वाट करून खुपसायचा. तिन्ही पीळ एकदा खुपसले की एक फेरा. हे तिला बापाने शिकवलं, कारण भोंग्याची बोटं आखूड होती आणि धीर त्याहून आखूड. ती दक्षिणेला आली तरी उत्तरेचे दोर तिच्याकडेच येत राहिले. भांडण सुरू झाल्यावरही कुणाच्या डोक्यात हे थांबवायचं आलं नाही. म्हणूनच नवरा पलंगावर कण्हत होता तेव्हा त्याला मारणाऱ्याचा दोर त्याच खोलीच्या कोपऱ्यात वेटोळं घालून पडला होता. नवा, निळा, प्लास्टिकचा, मनगटाएवढा जाड.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा त्या वेटोळ्यावर येऊन बसला.

"याला फेरे किती द्यायचे?"

"पाच," ती म्हणाली.

"काथ्याच्या दोराला तीन देतेस."

"काथ्या खरखरीत असतो मामंजी. तीन फेऱ्यांत धरून ठेवतो. हा गुळगुळीत आहे. तीन दिले तर ताण आला की घसरून निघेल."

म्हातारा हसला. हे त्याला माहीतच होतं. तिच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. "मग तीन दे."

पलंगावर नवऱ्याने डोळे उघडले.

"फास निघेल," म्हातारा म्हणाला. "सगळ्या बंदरासमोर. दोर पाण्यात पडेल. वर्षभर तोंड दाखवणार नाहीत. कुणाचं डोकं फुटायला नको, हात मोडायला नको. मी तर म्हणतो, यात पुण्यच आहे."

"पुढचा दोर सुटला की जहाज मागे येतं. तेव्हा मागे दुसरा दोर घेऊन त्यांची होडी असते. होडीत सहा माणसं असतात."

"पोहता येतं त्यांना."

"जहाजाखाली कोण पोहतं?"

तिच्या हातातला सुळा त्याने कधी घेतला ते तिला कळलंही नाही. उजव्या हाताच्या गाठींवर तो आडवा बसला तेव्हाच कळलं. एकदा. मग दुसऱ्यांदा, त्याच जागी. मधल्या बोटाचं कातडं फुटून आतलं पांढरं दिसलं, मग रक्ताने भरलं.

"बाबा!" नवरा उठायला गेला आणि तसाच छाती धरून आडवा झाला.

"नवऱ्याच्या दोन फासळ्या गेल्या," म्हातारा शांतपणे म्हणाला. "अजून भाऊच आठवतोय हिला. बारा वर्षं कुणाच्या घरचं खातेस ग?" सुळा तिच्या मांडीवर टाकून तो उठला. "तीन. वरून कापड शिवतेसच. कुणाला दिसणार नाही."

तो गेल्यावर ती नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही काय म्हणता?"

तो पत्र्याकडे बघत होता. "मी काय म्हणणार? मला श्वास घेता येत नाहीये." मग म्हणाला, "तुझ्या भावाने मारताना बघितलंही नाही गं, मी कोण आहे ते."

ते तिला लागलं. सुळ्यापेक्षा जास्त. तिने दोर पुढ्यात ओढला. पीळ सोडवले, टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद केली, फास मोजून वळवला. पहिला फेरा रागातच घातला. सुजलेलं बोट वाकत नव्हतं, म्हणून पीळ दाताने ओढला. भोंगा सहा वर्षांचा असताना आई गेली होती. त्याला न्हाऊ-माखू घातलं ते तिनेच, आणि त्याने तिच्या कुंकवाच्या धन्यावर वल्हं उगारलं. दुसरा फेरा. उघडा पडू दे सगळ्यांसमोर. जाऊ दे बेट सोडून. तिसरा फेरा.

ती थांबली. फासात पाय घालून तिने दोर दोन्ही हातांनी ओढून पाहिला. बाईच्या ओढीला तो काय दाद देणार? पण हाताला कळत होतं. निळे पीळ एकमेकांवर नुसते टेकले होते. एकमेकांना धरलं नव्हतं. असा दोर तिने आजवर दाराबाहेर जाऊ दिला नव्हता. होडीत पुढे वल्हं मारणारा तिच्या चुलतभावाचा सासरा होता, दमेकरी. त्याच्या मागे बसणारे दोघे लग्नात तिची पाठवणी करायला याच होडीतून आले होते.

चौथा फेरा तिने खुपसला तेव्हा बोटातलं रक्त निळ्या धाग्यांत उतरत होतं. पाचवा घातला. मग शिडाच्या कापडाची पट्टी भिजवून जोडावर गुंडाळली आणि सुई-दोऱ्याने इतक्या बारीक टाक्यांनी शिवली, की आत तीन आहेत की पाच, ते शिवणारीलाच ठाऊक.

"झालं?" संध्याकाळी म्हाताऱ्याने विचारलं.

"झालं."

"तीन?"

"तीन."

पलंगावर नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याला ते खरंच वाटलं, हे तिला पाठीवरूनही दिसलं.

दोर न्यायला भोंगा स्वतः आला. गल्लीत उभा राहिला, उंबऱ्याला पाय लावला नाही. नाक सुजून बटाट्याएवढं झालं होतं.

"भावोजी कसे आहेत?"

तिने पुढे होऊन त्याच्या थोबाडीत मारली. सुजल्या हाताने मारल्यामुळे तिच्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. समोरच्या घरातल्या दोन बायका भांडी घासायच्या थांबल्या.

"असे आहेत," ती म्हणाली.

भोंग्याच्या नाकातून पुन्हा रक्त सुरू झालं. त्याने ते मनगटाने पुसलं. "त्यांनी आधी लाथ घातली, ताई."

"ठाऊक आहे. तेच सांगत होते."

तो जरा हसला आणि नाक दुखलं म्हणून थांबला. वेटोळं खांद्यावर चढवताना त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं. "हे काय झालं?"

"दारात सापडली."

"सांभाळून ग. तुझ्या बोटांवर आमची सहा माणसं तरंगतात." मग वळता वळता, "किती दिलेस?"

"पाच."

त्याने मान हलवली. कापड दाबून बघितलं नाही की टाके बघितले नाहीत. तिच्या हातचं कुणीच मोजत नसे. म्हाताऱ्यानेही मोजलं नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी जहाज आलं. धान्याचं, जड, पाण्यात खोल बसलेलं. रात्रीपासून वारा चढला होता आणि दगडी भिंतीवरून लाटांचे तुषार धक्क्यापर्यंत येत होते. दक्षिणेचे वीसजण, उत्तरेचे वीसजण, सगळे ओले, सगळ्यांच्या हातात काही ना काही. बंदराच्या कचेरीतला शिपाई दुरून शिट्टी वाजवत होता आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

नवरा पट्टी बांधून, भिंत धरत धरत आला होता आणि एका उपड्या पिंपावर बसला होता. थोरली त्याच्यामागे उभी होती. म्हाताऱ्यानेच सांगितलं होतं, ये बघायला.

खुंट्यापाशी पहिली झटापट झाली ती मिनिटभरच. एकाचे दात गेले. एकाच्या तोंडावर डांबराचा ब्रश बसला आणि तो डोळे धरून गुडघ्यांवर फिरत राहिला. दक्षिणेकडच्यांनी आज नेहमीसारखा जोर लावलाच नाही. उत्तरेच्या एका आडदांड माणसाने निळा फास खुंट्यावर फेकला आणि ओरडला, "पडला! आमचा पडला!"

"पडू दे," म्हातारा म्हणाला.

त्याने धाकट्याला खूण केली. धाकटा चार माणसं घेऊन दुसऱ्या खुंट्याकडे गेला आणि त्यावर चक्क मांडी घालून बसला. उत्तरेची होडी दुसऱ्या दोराचं टोक घेऊन जहाजाच्या मागच्या अंगाला पोचली होती. वरच्या खलाशांनी ते उचललंही. पण त्या दोराचा फास घालायला खुंटा मोकळा नव्हता.

"उठ तिथून!" भोंगा गरजला. त्याचा आवाज बंदराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा, नावच त्यावरून पडलेलं. "एका दोरावर राहायचं नाही ते! उठ!"

"बसायची जागा बरी आहे," धाकटा म्हणाला. त्याची माणसं हसली. म्हाताऱ्याने त्याला फक्त खुंटा अडवायला सांगितलं होतं, कशासाठी ते नाही.

पहिली ओढ आली. धक्क्यावर आपटून परतणाऱ्या लाटेने जहाज मागे ओढलं. निळा दोर पाण्यातून वर आला, सरळ झाला, त्यातून पाणी पिळून निघालं. होडी तेव्हा बरोबर जहाजाच्या शेपटाखाली होती. दोर ताणला, थांबला आणि जहाजही थांबलं. होडी बाहेर पडून पायऱ्यांकडे यायला लागली.

म्हातारा आपला काथ्याचा फास हातात घेऊन पहिल्या खुंट्यापाशी जाऊन उभा राहिला. दोराच्या अगदी रेषेत, एका पावलावर. निळा फास निघाला की त्याच क्षणी आपला टाकायचा होता. काथ्याचा दोर तुटायच्या आधी तडतडतो, एकेक धागा सुटतो, माणसाला चार पावलं मागे जायला वेळ देतो. चाळीस वर्षं तो कानांनीच काम करत आला होता. आणि हा तर तुटणारही नव्हता. नुसता घसरून निघणार होता.

दुसरी ओढ आली. दोर आणखी लांबला. मनगटाएवढा होता तो अंगठ्याएवढा दिसायला लागला. आवाज काही नाही.

"काका, बाजूला व्हा!" भोंगा ओरडला. "रेषेत उभे राहू नका!"

"तुझा दोर जातोय, तुला घाई," म्हातारा हसत म्हणाला. त्याने सुनेकडे बघितलं आणि तीन बोटं वर केली, गंमत म्हणून. वीसेक माणसांनी ते पाहिलं. अर्थ दोघांनाच कळला, तिला आणि नवऱ्याला.

थोरलीला कळत होतं की फास निघणार नाही. पाच फेरे आहेत. निघणार नाही, म्हणजे ताण वाढतच जाणार, आणि दुसरा दोर लागलेला नाही. मग तो मधेच कुठेतरी तुटणार, आणि त्यात साठलेला सगळा ताण एकदम खुंट्याकडे परत येणार. हे तिने बघितलं नव्हतं कधी, पण दोर तिच्या हातातून गेला होता. एवढं बोलायचं, तर आठ दिवसांपूर्वी खोटं बोलल्याचं सगळ्यांपुढे सांगायचं. ती धावली.

"मामंजी! पाच आहेत! पाच फेरे आहेत!"

म्हाताऱ्याला ऐकू गेलं. त्याचा चेहरा बदलताना तिने पाहिला. हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. वर केलेली तीन बोटं मिटली. त्याला सगळं कळलं आणि एक पाय त्याने मागे उचललाही.

तिसऱ्या ओढीला दोर पाण्यावर मध्यभागी तुटला. पत्र्यावर धोंडा पडावा तसा आवाज झाला. निळं काहीतरी हवेत दिसलं न दिसलं, आणि म्हातारा जिथे होता तिथे नव्हता. तो सात-आठ हात मागे, दगडी कठड्याशी पडला होता. एक चप्पल खुंट्यापाशीच राहिली. छाती आत गेली होती आणि तोंडातून फेसाळ रक्त बुडबुड्यांनी येत होतं. ती त्याच्यापाशी पोचली तेव्हा दोन बुडबुडे आले. तिसरा आला नाही.

सगळ्यांत आधी हलला तो धाकटा. खुंट्यावरून उडी मारून त्याने होडीचा आकडा उचलला आणि सरळ भोंग्यावर गेला. "कुजका दोर लावलास! मारलंस माझ्या बापाला!" आकडा भोंग्याच्या दंडात घुसला आणि हाडाला लागून थांबला. भोंगा ओरडला नाही. त्याने आकड्याचा दांडा दुसऱ्या हाताने धरून ठेवला, बस.

"माझ्या ताईने जोडलाय तो," तो म्हणाला. "बघ जाऊन. अजून खुंट्यावर आहे."

धाकट्याने आकडा सोडला, कमरेची सुरी काढली आणि खुंट्यावरच्या फासाचं कापड टराटरा फाडलं. सगळ्यांना दाखवायचं होतं त्याला. तो मोठ्याने मोजायला लागला. "एक. दोन. तीन." थुंकी गिळली. "चार. पाच."

फास जसा विणला तसाच होता. जागचा केसभरही हलला नव्हता. पाचव्या फेऱ्यातले धागे तांबूस होते.

भोंगा दंड धरून बहिणीकडे बघत होता. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "ताई, पाच आहेत म्हणून तू त्यांना ओरडून का सांगितलंस?"

ती सासऱ्याच्या डोक्याखालचा हात काढत नव्हती. "त्यांना तीन वाटत होते."

"का वाटत होते?"

चाळीस माणसं वाट बघत होती. तेवढ्यात पिंपावरून नवरा उठला. "ते मी सांगतो," तो म्हणाला. "नंतर सांगतो. आधी जहाज धरा, मागे चाललंय. धाकट्या, तो खुंटा मोकळा कर. टाकू दे त्यांना."

धाकटा बाजूला झाला. उत्तरेच्या लोकांनी दुसऱ्या दोराचा फास टाकला. हात कमी पडले तेव्हा दक्षिणेचेही लागले. जहाज धक्क्यापासून चाळीस हातांवर थांबलं. तासाभराने धान्य उतरायला सुरुवात झाली, कारण ते उतरायलाच हवं होतं. म्हाताऱ्याला घरी नेलं तेही त्याच शिडाच्या कापडातून. दोन कोपरे उत्तरेच्यांनी धरले होते.

चौथ्या दिवशी दुपारी नवरा तिच्यासमोर येऊन बसला. अजून वाकडाच बसायचा. बापाची चप्पल त्याने दारामागे ठेवली होती, एकच. दुसरी सापडली नाही.

"तीन दिले असतेस तर बाबा असते."

"हो," ती म्हणाली.

"नुसता दोर पडला असता पाण्यात."

"पहिल्याच ओढीला पडला असता. तेव्हा होडी जहाजाखाली होती. सहा जण."

त्याने बराच वेळ मनातल्या मनात ती होडी मागे-पुढे केली असावी. मग म्हणाला, "मला तरी सांगायचंस."

"तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत."

तो उठला, कोपऱ्यातून नवा निळा दोर ओढत आणला. दक्षिणेने घेतलेला पहिला निळा दोर. तो तिच्या पुढ्यात ठेवला.

"सहा महिने त्यांचे आहेत. मी भोंग्याला सांगून आलो. सगळंच सांगितलं. वारा फिरला की आपले. तोवर हा करून ठेव."

"भोंगा काय म्हणाला?"

"काही नाही. दंड दाखवला. मी फासळ्या दाखवल्या."

तिने पीळ सोडवायला घेतले. बोट अजून पूर्ण वाकत नव्हतं. एक फेरा, दोन, तीन, चार, पाच. तो समोर बसून होता. तिने पाण्यात भिजवून ठेवलेली कापडाची पट्टी उचलली, सुईत दोरा ओवला.

"कापड नको," तो म्हणाला.

"कापडाशिवाय खुंट्याच्या गंजावर घासून महिन्याभरात धागे जातील. सारखा नव्याने विणावा लागेल."

"विणू. पण उघडाच राहू दे." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "भोंग्यानेही तेच सांगितलंय. त्यांचेही यापुढे उघडेच दे."

तिने सुईतला दोरा काढून रिळावर परत गुंडाळला. नवऱ्याने फास मांडीवर घेतला आणि अंगठा दाबत दाबत, ओठ हलवत, एकेक फेरा मोजला. पाचाला येऊन थांबला. मग पहिल्यापासून पुन्हा मोजला.